फवारणी संपली, पण हात धुणं संपत नाही

पत्र थोडक्यात

यवतमाळ जिल्ह्यातल्या ३७ वर्षांच्या एका शेतकरी वाचकाचं हे पत्र, एप्रिलात आलेलं. सहा एकर वावर, पऱ्हाटी (कापूस) आणि तूर. २०१७ च्या हंगामात ओळखीतला एक माणूस फवारणीच्या विषबाधेनं दवाखान्यात होता. तेव्हा बसलेली भीती गेल्या तीन-चार वर्षांत वाढत गेली. आता फवारणी मजुराकडून होते, हे स्वतः वावरात जातच नाहीत. तरी फवारणीच्या बाटल्या ठेवलेल्या कोठ्याच्या कडीला हात लागला, कृषी केंद्राची पिशवी दिसली की हात धुवायला बसतात. दिवसाला एक साबण संपतो, न्हाणीत दोन-दोन तास जातात. बायको-पोरं बाहेरून आली की त्यांना अंगणातच कपडे बदलायला लावतात आणि ‘नीट धुतलं ना?’ हे दहादा विचारतात. आईनं एका महाराजांकडे नेलं, त्यांनी रोज गोमूत्र शिंपडायला सांगितलं. गावच्या डॉक्टरांनी झोपेची गोळी दिली, ती अजून अधूनमधून चालू आहे. यवतमाळच्या मानसोपचार तज्ज्ञांनी ‘ओसीडी’ (नको ते विचार पुन्हा पुन्हा येणं आणि ते शमवायला धुणं, तपासणं करत राहणं, असा मनाचा आजार) सांगून फ्लुओक्सेटीन २० मिलिग्रॅम सुरू केली. मळमळ झाली, फरक दिसला नाही, तीन आठवड्यांनी बंद केली. पत्राच्या शेवटी घाईत लिहिलेल्या ओळी आहेत: ‘कधी मनात येतं, आपणच बाटली घरच्यांच्या वरणात ओतली तर? हे कोणालेच सांगितलं नाही. मी येडा झालो का?’ आणि प्रश्न असा की गोळ्या करून पाहिल्या, गुण आला नाही; आता मन घट्ट करणं एवढंच उरलं का?

उत्तर

भाऊ,

शेवटच्या ओळी आधी घेऊ. घरच्यांच्या जेवणात आपल्या हातून विष पडेल, लेकराला आपल्याच हातून इजा होईल, देवासमोर उभं असताना मनात शिवी येईल, असे नको ते विचार ओसीडीत इतके नेहमीचे आहेत की जाणते मानसोपचार तज्ज्ञ त्याबद्दल आपणहून विचारतात. विहिरीच्या काठावर उभं राहिल्यावर ‘उडी मारली तर?’ असं धडधाकट माणसाच्याही मनात येऊन जातं. तो मान झटकतो आणि पाण्याचा गुंड भरून निघतो. ओसीडीत मेंदू त्या विचारालाच धोका समजतो, आणि मग ‘असं माझ्या मनात आलंच कसं?’ म्हणून माणूस स्वतःचीच चौकशी लावून बसतो. विचार आपल्या स्वभावाच्या जितका उलटा, तितका तो जास्त छळतो. तुम्ही तो विचार येताच हादरता, कोणाला सांगू धजत नाही, यावरूनच तो तुमचा इरादा नाही हे दिसतं. तुम्ही येडे झालेले नाही. डॉक्टरांना हे जसंच्या तसं सांगा.

एवढं एकदा वाचून पुढे जा. मनाची खात्री करायला हाच परिच्छेद रोज वाचू लागलात तर तेही हात धुण्याच्याच जातीचं होऊन बसेल.

एक गोष्ट मात्र सरळ विचारायला हवी. जगण्याचाच कंटाळा आलाय, आपण मेलेलं बरं, असं वाटतं का? वरचा विचार नकोसा असतो, हा हवासा वाटू लागतो, म्हणून दोन्ही वेगळे. ओसीडीसोबत उदासीचा आजार अनेकांना असतो आणि आपल्या भागात कोठ्यात बाटल्या असतातच. तसं वाटत असेल तर त्याच दिवशी घरात सांगा, बाटल्यांच्या कुलपाची किल्ली दुसऱ्याकडे द्या आणि टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ या नंबरवर बोला. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. मात्र मरायची इच्छा नाही, केवळ ‘आपल्या हातून काही होईल’ या भीतीनं किल्ली बायकोकडे देत असाल, तर ते टाळणं झालं, आणि टाळण्यावर ओसीडी पोसतो. आपलं यातलं कोणतं, हे डॉक्टरांसमोर बसून ठरवा. तोवर किल्ली दुसऱ्याकडे राहिली तर काही बिघडत नाही.

आता मूळ भीती. ती हवेतून आलेली नाही. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं २० हून जास्त शेतकरी-मजूर गेले, शेकडो जण दवाखान्यात भरती झाले. त्यामुळे ‘काही होत नाही, उगाच भेता’ असं कोणी म्हणालं तर ते तुम्हाला पटणार नाही, आणि पटूही नये. पण खबरदारी कुठं संपते आणि आजार कुठं सुरू होतो, ही रेघ उपचाराला बसण्याआधी ओढावी लागते. ती एकट्यानं ओढू नका. कृषी सहायकाला किंवा डॉक्टरांना सोबत घ्या, एकदाच, कागदावर. साधारण अशी: फवारणाऱ्यानं पूर्ण बाह्यांचे कपडे, हातमोजे, मास्क, चष्मा घालायचा. वाऱ्याच्या उलट तोंड करून मारायचं नाही. मधे खर्रा नाही, जेवण नाही. काम झालं की साबणानं एक आंघोळ, ते कपडे घरच्या कपड्यांपासून वेगळे, एकदा धुवायचे. बाटल्या कुलपात, रिकामी बाटली घरच्या वापरात नाही. फवारणीनंतर खूप घाम, तोंडाला पाणी, उलट्या, धूसर दिसणं, दम लागणं असं काही झालं तर घरी उपाय करत बसायचं नाही, बाटलीचं लेबल घेऊन थेट दवाखाना. कागद इथं संपला. दुसरी आंघोळ, फवारणी नसलेल्या दिवशी पोरांचे अंगणात कपडे बदलणं, पिशवीला हात लागला म्हणून धुणं, हे सगळं आजाराच्या खात्यात.

कीटकनाशक कातडीतूनही शरीरात जातं आणि सोललेली, भेगा पडलेली कातडी ते जास्त शोषते. दिवसाला एक साबण लावून तुम्ही नेमकी तशी कातडी तयार करताय. म्हणजे ज्या भीतीपायी धुता, ती या धुण्यानंच थोडी खरी होत चालली आहे. रात्री हातांना व्हॅसलीन किंवा खोबरेल तेल लावा. भेगांत पू दिसत असेल तर डॉक्टरांना दाखवा.

‘मन घट्ट करणं’ म्हणजे तुम्ही नेमकं काय करता, याचा विचार केलाय का? बहुतेक जण विचार आला की तो दाबतात, ‘नाही, नाही’ म्हणतात, दुसरीकडे मन लावायला पाहतात. दाबलेला विचार जास्तच येतो. आणि धुतल्यावर पाच-दहा मिनिटं जे बरं वाटतं, तिथंच खरी गोम आहे. मेंदू त्यातून शिकतो की धुतलं म्हणून वाचलो. पुढच्या वेळी तेवढंच बरं वाटायला जास्त धुवावं लागतं. यात मन कमजोर असण्याचा काही संबंध नाही. पौष महिन्यात गार पाण्यानं दोन तास हात धुवायला कमी जोर लागतो का? जोर तुमच्यात आहे, तो चुकीच्या जागी लागतोय.

आणि ‘गोळ्या करून पाहिल्या’ याबद्दल. ओसीडीचा पुरता उपचार तुमच्यावर अजून झालेलाच नाही, असं मला वाटतं. झोपेच्या गोळ्या, म्हणजे अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम या गटातल्या, ओसीडीवर चालत नाहीत. सवय लागायची भीती लोक सगळ्याच गोळ्यांची बाळगतात. ती खरी या गोळ्यांची बाळगायला हवी. तुम्ही त्या अधूनमधून घेता. रोज घेणाऱ्यानं एकदम सोडू नयेत, डॉक्टर मात्रा हळूहळू उतरवून देतात.

फ्लुओक्सेटीन मात्र बरोबर निवडलेलं होतं. कमी पडली ती मात्रा आणि मुदत. फ्लुओक्सेटीन, सर्ट्रालीन, फ्लुवोक्सामीन, एस्सिटालोप्राम ही एसएसआरआय गटातली औषधं उदासीवरही देतात, पण उदासीला पुरणारी मात्रा ओसीडीला बहुतेकदा पुरत नाही. फ्लुओक्सेटीन २० पासून चढवत ४० ते ६०, काहींना ८० मिलिग्रॅमपर्यंत नेतात. सर्ट्रालीन ५० पासून २०० पर्यंत. फ्लुवोक्सामीन ५० पासून ३०० पर्यंत. किती आणि किती वेगानं, हे तपासून डॉक्टरच ठरवतील. पुऱ्या मात्रेवर ८ ते १२ आठवडे काढल्याशिवाय ‘लागू पडलं नाही’ असं म्हणता येत नाही. पहिल्या काही आठवड्यांत बहुतेकांना त्रास तेवढा जाणवतो, गुण मागून येतो. तुम्ही नेमकं त्याच टप्प्यावर सोडलं. गव्हाला एकच ओलित द्यायचं आणि दाणा भरला नाही म्हणून बियाण्याला नाव ठेवायचं, तसं झालं हे.

मळमळ, पातळ संडास, डोकेदुखी, झोप उडणं, अंगात बेचैनी हे सुरुवातीच्या दोनेक आठवड्यांत येतं आणि बहुतेकांचं आपोआप ओसरतं. फ्लुओक्सेटीन सकाळी खाऊन झाल्यावर घेतली तर मळमळही कमी आणि रात्रीची झोपही शाबूत. बेचैनी फार वाढली, मनात मरणाचे विचार येऊ लागले, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता फोन करायचा. एक त्रास मात्र सहसा ओसरत नाही आणि कोणी बोलूनही दाखवत नाही: इच्छा कमी होणं, वीर्य पडायला फार उशीर लागणं. कितीतरी पुरुष डॉक्टरांना काही न सांगता एवढ्याच कारणानं गोळ्या सोडतात. सांगा. मात्रा कमी करता येते, औषध बदलता येतं.

कंबर दुखली म्हणून मेडिकलमधून डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन मनानं आणून खाऊ नका. या औषधांसोबत पोटात रक्तस्राव व्हायचा धोका वाढतो. ट्रामाडॉलही न विचारता नको. दारू बंद ठेवा. घरात कोणाला काही दिवस भलताच उत्साह, काही दिवस उदासी असा बायपोलर आजार असेल तर गोळी सुरू व्हायच्या आधी सांगा. हे वाचणाऱ्या बायांपैकी कोणी पोटुशी असेल, अंगावर पाजत असेल, तर घाबरून गोळी आपणहून बंद करू नका. औषध निवडून देता येतं. आणि सवयीचं म्हणाल तर दारूसारखी ओढ या औषधांची लागत नाही. एकदम सोडली तर चक्कर, चिडचिड, डोक्यात झटके आल्यासारखं होतं, म्हणून ती उतरवत सोडायची.

नुसत्या गोळ्यांवर मात्र थांबू नका. ओसीडीचा दुसरा, काहींच्या बाबतीत पहिलाच, उपचार म्हणजे ईआरपी: ज्याची भीती वाटते त्याला ठरवून सामोरं जायचं आणि त्यानंतरचं धुणं, विचारणं, तपासणं रोखून धरायचं. १९६६ मध्ये लंडनच्या व्हिक्टर मेयर यांनी मांडलेल्या कामातून हा मार्ग पुढे आला आणि आज तो ओसीडीवरचा सगळ्यात पक्का मानसोपचार मानला जातो. तुमच्या पत्रात एक वाक्य आहे, ‘भीती गेली की वावरात जाईन.’ ईआरपीत याच्या उलट चालायचं असतं. आधी वावरात जायचं, भीती घेऊनच. ती मागून उतरते.

कसं करायचं? वहीत भीतीच्या जागा लिहायच्या आणि प्रत्येकीला ० ते १०० गुण द्यायचे. तुमच्यासाठी उतरंड अशी लागू शकेल: कृषी केंद्राचं जुनं बिल हातात धरणं ३०, कोठ्याची बाहेरची कडी धरणं ४०, ती धरलेला हात शर्टाला, उशीला, तोंडाला लावणं ५५, धुऱ्यावरून (बांधावरून) आलेल्या पोराला कपडे न बदलता मांडीवर घेणं ६५, फवारणी होऊन बरेच दिवस झालेल्या वावरात तास चालून येणं आणि कागदावरच्या नियमाप्रमाणे एकदाच हातपाय धुऊन जेवणं ७५, स्वतःच्या हातानं सगळ्यांना वरण वाढणं ९०. विषाला हात लावणं यात कुठंच नाही. एखाद्या समुपदेशकानं ‘भीती घालवायला बाटली उघडून हुंगा’ असं सांगितलं तर त्याला काम कळत नाही, दुसरा शोधा.

सुरुवात ३०-४० पासून. रोज, शक्यतो ठरल्या वेळी, पाऊण ते एक तास. कडी धरली की त्या वेळची भीती किती ते लिहायचं, मग दर दहा मिनिटांनी. ती चढेल, काही वेळ तिथंच राहील, आणि न धुताही उतरू लागेल. एखाद्या दिवशी उतरली नाही तरी चालतं. ती अंगावर घेऊन बसता येतं, एवढं मेंदूला कळलं तरी त्या दिवसाचं काम झालं. आधी अर्धा तास न धुणं, मग तास, मग पुढच्या जेवणापर्यंत. तीच पायरी कंटाळा येईपर्यंत रोज करायची आणि मगच वर चढायचं. एरवी हात धुवायचे ते जेवणाआधी, संडासहून आल्यावर, मातीकामानंतर, साबण एकदा लावून, अर्ध्या मिनिटात.

बिघडतं कुठं, ते आधीच सांगून ठेवतो, कारण ‘ईआरपी केलं, काही झालं नाही’ असं म्हणणाऱ्यांपैकी बरेच जण इथं अडकलेले असतात. हात धुतला नाही, पण लुंगीला पुसला, सॅनिटायझर चोळलं. कडी उजव्या हातानं धरली आणि डावा ‘चोखा’ ठेवला, मग त्याच हातानं जेवले. तासभर थांबले, पण मनात ‘संध्याकाळी एकदाची आंघोळ करूच’ असा वायदा होता. तोंडानं काही विचारलं नाही, पण बायकोच्या चेहऱ्याकडे पाहून खात्री करून घेतली. मनातल्या मनात नामजप चालू ठेवला, देवासाठी नाही, भीती घालवायला. ही सगळी धुण्याचीच रूपं आहेत, आणि तेवढ्यानं मेंदू पुन्हा जुनाच धडा शिकतो. कधी मोह आवरला नाही आणि हात धुतला गेला, तर स्वतःला शिव्या देत बसू नका. उठा आणि लगेच कडीला पुन्हा हात लावा. धुण्याचा फायदा तिथंच रद्द होतो. सगळ्यात मोठी चूक म्हणजे चिडून एकदम ९० वर उडी मारणं. तिथून माणूस पळतो आणि महिनाभर वहीला हात लावत नाही.

वरणातल्या विचारावरही ईआरपीच लागते, पण ती एकट्यानं करू नका. थेरपिस्ट तुमच्याकडून तो विचार एका वाक्यात लिहून घेतील, मोबाइलवर तुमच्याच आवाजात भरून वीस-तीस मिनिटं ऐकायला सांगतील, ‘नाही, मी तसं करणार नाही’ अशी पुरवणी न जोडता. ऐकायला उफराटं वाटतं. पण रोज ऐकून तो विचार शिळा होतो, आणि शिळ्या विचारावर मेंदू घंटा वाजवत नाही. उदासी खोल असेल तर आधी ती आटोक्यात आणतात, मग याला हात घालतात.

ईआरपी जाणणारा माणूस जिल्ह्याच्या ठिकाणीही सहज सापडत नाही, हे खरं. समुपदेशन करतो म्हणणाऱ्याला सरळ विचारा: तुम्ही ओसीडीसाठी ईआरपी करता का? घरी करायचा अभ्यास देता का? साधारण किती बैठका लागतील? ‘हो, हो, १२ ते २०, मधल्या काळात रोज घरी काम’ अशा धर्तीचं उत्तर आलं तर ठीक. ‘मन शांत ठेवा, चांगले विचार आणा, वाईट विचार आला की मनगटावरचं रबर ओढा’ असं ऐकलं तर नमस्कार करून निघा; रबर ओढणं हेही विचार दाबणंच आहे. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते, ती विचारायला संकोच नको. पहिल्या दोन-तीन बैठका समोरासमोर आणि बाकी व्हिडिओ कॉलवर, असं चालतं. किंबहुना कोठा, न्हाणी, चूल सगळं घरीच असल्यामुळे तुमच्यासारख्याला कॉलवरची बैठक जास्त कामाची.

दवाखान्यासाठी लांब जायची गरज नाही. यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचाराची ओपीडी आहे. वर्धा बाजूला सेवाग्राम आणि सावंगी, नागपुरात मेडिकल, मेयो आणि एम्स. इतर वाचकांना अकोला, चंद्रपूर, गोंदियाची मेडिकल कॉलेजं जवळ पडतील. जिल्हा रुग्णालयांतून जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम चालतो, ही औषधं सरकारी दवाखान्यात सहसा मोफत मिळतात, आणि नेहमीच्या गोळ्यांसाठी जेनेरिक दुकानंही आहेत. कोणत्या दिवशी मानसोपचार तज्ज्ञ असतात ते आधी फोन करून विचारा, नाहीतर एसटीचं भाडं आणि दिवस दोन्ही वाया जातं. ‘तिथं गेलं की भरती करून घेतात’ ही भीती मनातून काढा. ओसीडीच्या बहुतेक रुग्णांना भरती लागतच नाही, आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं मनाविरुद्ध भरतीवर कडक अटी घातल्या आहेत. त्याच कायद्यानं सरकारी दवाखान्यात मानसिक आजाराचे उपचार मिळणं हा तुमचा हक्क केला आहे.

पहिल्या भेटीत वायबॉक्स नावाची, ओसीडी किती तीव्र ते मोजणारी प्रश्नावली भरायला सांगा आणि आकडा आपल्या वहीत उतरवून घ्या. ती ४० गुणांची असते. सुरुवातीला २८ असतील आणि चार महिन्यांनी १८ वर आले, तर उपचार चांगला लागू पडला असं डॉक्टर मानतात. तुम्हाला मात्र तेव्हाही विचार येतच असतील आणि वाटेल की काहीच झालं नाही, म्हणून आकडा हवा.

आता घरच्यांबद्दल. बायको अंगणात कपडे बदलते, दहादा उत्तर देते, ते तुमच्यावरच्या मायेपोटी. पण त्यानं आजाराला चारा मिळतो. म्हणून तिनं उद्यापासून सगळं एकदम बंद करायचं का? नाही. तसं केलं की घरात भांडणं होतात आणि तुम्ही चोरून धुवायला लागता. दोघांनी, जमल्यास थेरपिस्टसमोर, बसून ठरवा: या आठवड्यात ‘धुतलं ना?’ ला दिवसातून तीनदाच उत्तर, पुढच्या आठवड्यात एकदा, मग नाही. पोरांचे अंगणातले कपडे बदलणं मात्र सगळ्यात आधी बंद करा, कारण पोरं हेच शिकत वाढतायत. ठरल्यापेक्षा जास्त विचारलंत तर तिनं रागावू नये, समजूतही घालू नये. ‘ह्या प्रश्नाले आता उत्तर नाही. पण मी आहो ना तुमच्यापाशी,’ एवढं म्हणून खरंच शेजारी बसावं. बसणं महत्त्वाचं.

तुमच्या आईला महाराजांवरून बोल लावू नका. देवळात जाण्यानं काही बिघडत नाही. अडचण उपायाची आहे: ओसीडीच्या माणसाला गोमूत्र शिंपडायला सांगणं म्हणजे त्याच्या हाती धुण्याची आणखी एक रीत देणं. ‘आज नीट शिंपडलं का, कोपरा राहिला का?’ हे तुमचं सुरू झालं असणार. ते ईआरपीच्या यादीत घाला आणि पायरीपायरीनं सोडा. आईला डॉक्टरांच्या तोंडून ऐकवलं तर ती अडवणार नाही.

गोळ्या की ईआरपी, यावर माझं मत असं: आजार सौम्य असेल तर एकट्या ईआरपीनं भागू शकतं. दिवसाचे दोन तास न्हाणीत आणि वावर सुटलेलं, अशा अवस्थेत दोन्ही एकत्र सुरू करावं. थेरपिस्ट मिळेपर्यंत गोळी थांबवून ठेवू नका. पहिलं औषध पुऱ्या मात्रेनं, पुऱ्या मुदतीनं देऊनही भागलं नाही तर दुसरं एसएसआरआय, मग क्लोमिप्रामीन, जे जुनं आणि दमदार आहे, पण तोंड कोरडं पडणं, बद्धकोष्ठ, लघवी अडणं असे त्रास देतं आणि ईसीजी काढून द्यावं लागतं. कधी एसएसआरआयला रिस्पेरिडोन किंवा अरिपिप्राझोलची छोटी मात्रा जोडतात. त्याही पुढच्या टीएमएस (डोक्याबाहेरून चुंबकानं मेंदूला चेतना देणं), मेंदूत इलेक्ट्रोड बसवणं या गोष्टी फार थोड्यांना लागतात; तशी वेळ आलीच तर बंगळुरूच्या निमहान्समध्ये ओसीडीचं वेगळं क्लिनिक आहे. आज तुम्ही त्याचा विचार करायचं कारण नाही.

एप्रिलच्या शेवटी गोळी पुन्हा सुरू झाली तर बारा आठवडे जुलैत पुरे होतील. म्हणजे पहिल्या फवारणीच्या सुमारास औषधाचा जोर आलेला असेल आणि वहीतल्या निम्म्या पायऱ्या मे-जूनमध्ये, वावर मोकळं असताना, चढून झालेल्या असतील. यंदा फवारणी मजुरानंच करावी. तुम्ही धुऱ्यावर उभं राहून लक्ष ठेवायचं, घरी येऊन एकदाच धुवायचं, एवढं पुष्कळ आहे.

बरं वाटू लागल्यावर गोळी एक ते दोन वर्षं चालू ठेवतात आणि मग दर एक-दोन महिन्यांनी दहा ते पंचवीस टक्क्यांनी मात्रा कमी करत आणतात. हे उतरवणं तुमच्या बाबतीत पऱ्हाटी वेचून झाल्यावर, जानेवारी-फेब्रुवारीत सुरू करायला डॉक्टरांना सांगा. फवारणीच्या महिन्यांत कधीच नको. त्या काळात न्हाणीतला वेळ दहा मिनिटांवरून वीसवर गेला तर त्याच आठवड्यात वही काढा, ४० गुणांच्या पायरीपासून पुन्हा सुरू करा आणि डॉक्टरांना फोन करा.